पलीकडून एक ठोका

ठोकेकाकांना कुठलीही वस्तू ठोकून पाहिल्याशिवाय चैन पडत नसे. बाजारातून आणलेलं कलिंगड असो, शेजाऱ्यानं नवी बांधलेली भिंत असो, की झोपलेल्या नातवाचं टाळकं असो, काका बोटाचं मधलं पेर वाकवून टकटक करत आणि मान कलती करून ऐकत.

"अहो, त्याला तरी सोडा!" काकू ओरडत.

"भरीव आहे," काका निकाल देत. "तुमच्या माहेरच्यांवर गेला नाही."

खरं नाव हजेरीपटावर तेवढं उरलं होतं. रस्ते आणि पूल खात्यात ते पूल तपासनीस होते. वाट्याला लहानमोठे त्रेसष्ट पूल. वर्षातून दोनदा, पुराआधी आणि पुरानंतर, प्रत्येक पुलाखाली जायचं, सांध्यांत अडकलेली माती उकरायची, पाणी उतरायच्या नळ्या तुंबल्यात का बघायचं, तुळया ज्या रबरी उशांवर टेकतात त्या फुगल्यात की चिरल्यात ते पाहायचं, आणि दगडी खांब हातोडीनं ठोकायचे. चांगला खांब खणखणीत बोलतो. आतून चुना-सिमेंट वाहून गेलेला खांब बद्द आवाज देतो. बद्द आवाज आला की तिथं पिवळ्या खडूनं गोल करायचा आणि पत्रकात शेरा लिहायचा.

हे काम जोडीनं करायचं असतं. काकांचा जोडीदार होता घुम्या. बावीस वर्षं दोघं एकत्र हिंडले, पण तेवढ्या वर्षांत त्याच्या तोंडून निघालेले शब्द एका वहीत मावले असते. उजव्या अंगठ्याचं नख कायम काळं, डबा खाताना नदीकडे तोंड, आणि कुणी विनोद केला तर हसू दोन मिनिटांनी, तेही मान वळवून. त्यांची पद्धत ठरलेली होती. काका खांबाच्या अलीकडून तीन ठोके देत. पलीकडे घुम्या दगडाला कान लावून उभा असे. तीन ठोके आरपार स्वच्छ ऐकू आले तर तो एकच ठोका परत देई. टक्. म्हणजे पोचलं. आवाज दबून आला तर घुम्या हात हलवत नसे. मग दोघं त्या खांबाभोवती खडू घेऊन बसत.

अकरा वर्षांपूर्वी घुम्या गेला. पुलावर नव्हे, इस्पितळाच्या खाटेवर, छातीच्या दुखण्यानं. त्याची जागा भरली नाही. साहेब म्हणाले, "एकट्यानं भागवा आता." काका भागवू लागले. अलीकडून ठोकायचं, मग वळसा घालून पलीकडे जाऊन ठोकायचं. वेळ दुप्पट लागे, पण होत असे.

अडचण होती ती एका पुलाची. क्रमांक एक्केचाळीस. पाच खांबांचा जुना दगडी पूल. तिसऱ्या खांबाच्या अलीकडे वाळू, पलीकडे डोह. पूर्वी काका वाळूत उभे राहत आणि घुम्या कंबरेला दोर बांधून पलीकडच्या अरुंद कट्ट्यावर उतरे. दोर धरायला माणूस नसताना तिथं उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. घुम्या गेल्यानंतरच्या पहिल्या तपासणीला काका वाळूत उभे राहिले आणि हाताच्या सवयीनं तीन ठोके देऊन सवयीनंच थांबले.

टक्.

भर दुपार होती. पुलाखाली चिटपाखरू नव्हतं. काकांना वाटलं, प्रतिध्वनी. पण प्रतिध्वनी तिनाला तीन यायला हवा. त्यांनी पुन्हा तीन ठोके दिले.

टक्. दगडाच्या आतून नव्हे, पलीकडून. घुम्या द्यायचा तसा, क्षणभर विचार करून दिलेला.

काका वाळूत बसले. मग त्यांनी पत्रक गुडघ्यावर घेतलं आणि 'तिसरा खांब, पलीकडची बाजू' या रकान्यात लिहिलं, 'मागीलप्रमाणे, ठीक.'

त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. काकूंनाही नाही. सांगून काय होणार, लोक कानांची तपासणी करायला सांगतील आणि हातोडी काढून घेतील. पुढे भीती उतरली. इतकी, की एक्केचाळीसची पाळी जवळ आली की काका दाढी गुळगुळीत करून जात. ठोकायच्या आधी खांबाला चार गोष्टी सांगत. मुलीचं लग्न झालं. गुडघा धरतो. नवीन साहेब शिष्ट आहे. गप्पांना उत्तर येत नसे. तसं ते घुम्या जिवंत असतानाही येत नसे. पण तीन ठोक्यांना एक ठोका, हा नेम अकरा वर्षांत चुकला नाही. आणि पत्रकात बावीस वेळा लिहिलं गेलं, 'मागीलप्रमाणे, ठीक.' पलीकडची बाजू घुम्यानंतर जिवंत माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेलीच नव्हती.

यंदा निवृत्तीला चार महिने उरले होते. पूर मोठा येऊन गेला होता. एक्केचाळीसवर काकांबरोबर नव्या अभियंता मॅडम आल्या होत्या, वयानं त्यांच्या मुलीएवढ्या. गळ्यात दगडाच्या आतला आवाज मोजायचं यंत्र आणि पायात दोन मापं मोठे गमबूट.

"काका, तुमच्या हातोडीचे दिवस भरले," त्या हसत म्हणाल्या.

"माझेही भरलेत मॅडम. दोघं एकदमच जाऊ."

मॅडमनी तिसऱ्या खांबाला अलीकडच्या बाजूनं, छातीच्या उंचीवर चार ठिकाणी यंत्र लावलं. "आकडे उत्तम आहेत," म्हणाल्या आणि चौथ्या खांबाकडे गेल्या. काका मुद्दाम मागे राहिले. त्यांनी हातोडी उचलली आणि तीन ठोके दिले.

काही नाही.

पाणी अगदी स्तब्ध होतं. डोहावर पुलाची सावली पडली होती आणि तिच्यात एकही माशी हलत नव्हती. काकांनी पुन्हा ठोकलं. मग कान दगडाला लावला. दगड गार होता. पलीकडे कुणी नव्हतं असं त्यांना वाटलं नाही. कुणीतरी उभं होतं, कान लावून, आणि मुद्दाम हात हलवत नव्हतं.

पहिल्यांदा उत्तर आलं तेव्हाही वाटली नव्हती एवढी भीती उत्तर न आल्यावर वाटली.

"मॅडम," त्यांनी हाक मारली. "पूल बंद करा."

"काय झालं?"

"चार वाजता कारखान्याच्या पाळीच्या बसेस येतात. भरलेल्या. त्याआधी बंद करा."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. अडीच. "काका, यंत्र तर ठीक म्हणतंय. वर साहेबांना कारण काय देऊ?"

मग काकांनी सगळं सांगितलं. घुम्या, तीन ठोके, एक ठोका. मॅडम हसल्या नाहीत. गमबुटाच्या टोकानं वाळू उकरत ऐकत राहिल्या.

"माझे आजोबा गेल्यावर आमच्या घरात त्यांची खुर्ची वर्षभर करकरायची," त्या शेवटी म्हणाल्या. "मी तुम्हाला वेड्यात काढत नाही. पण साहेबांना काय सांगू? मेलेला माणूस बोलला नाही, म्हणून बसेस अडवल्या? आणि रागावू नका, पण मघाशी मी दोनदा हाक मारली ती तुम्हाला ऐकू आली नव्हती."

ते खरं होतं. घरीही कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या काकूंनी त्यांच्यावर सोडणं बंद केलं होतं. ठोका आलाच नाही, की आला आणि आपल्याला ऐकू आला नाही? काका खांबाकडे बघत राहिले. चार महिने. हार, नारळ, भाषण, 'निष्कलंक सेवा' असं छापलेली तसबीर. गप्प बसलं तर सगळं होणार होतं. कदाचित पुलालाही काही होणार नव्हतं.

त्यांनी पिशवीतून, मागच्या नोंदी बघायला बरोबर आणलेली, एक्केचाळीसच्या पत्रकांची जुनी बाडं काढली आणि मॅडमच्या हातात दिली.

"कारण हे घ्या. ही बाजू अकरा वर्षं कुणी पाहिलेली नाही. मी न बघता ठीक लिहिलं. बावीस वेळा. खाली सही माझी आहे. साहेबांना एवढंच सांगा. घुम्याचं नाव घेऊ नका."

मॅडमनी पहिलं पान पाहिलं, मग शेवटचं. "काका, चौकशी लागेल."

"लागू दे."

"निरोप समारंभ विसरा मग."

"भाषण ऐकू तरी कुठं येणार होतं?"

साडेतीनला पुलाच्या दोन्ही तोंडांना पिंपं आडवी लागली. बसेस थांबल्या. लोकांनी मनसोक्त शिव्या दिल्या. एक चालक खिडकीतून ओरडला, "ओ आजोबा, चांगला ठणठणीत पूल आहे, कुठं दुखतंय त्याला?" काका पिंपाला टेकून उभे राहिले, हातोडी मुठीत.

दुसऱ्या दिवशी पाणबुड्या डोहात उतरला. वर येऊन त्यानं सांगितलं. तिसऱ्या खांबाचे पलीकडचे दगड पाण्याच्या रेघेपाशी निखळले होते आणि आतला भराव वाहून गेला होता. झीज जुनी, पण तोंड उघडलं ते यंदाच्या पुरानं.

"केवढी पोकळी?" मॅडमनी विचारलं.

"माणूस उकिडवा बसेल एवढी," तो म्हणाला. मग काकांकडे वळला. "कट्ट्याजवळ हल्ली कुणी उतरतं का हो? सगळ्या खांबावर बोटभर शेवाळ आहे. कानाच्या उंचीवर एकच जागा स्वच्छ आहे. रुपयाएवढी. घासल्यासारखी."

मॅडम काकांकडे बघत राहिल्या. काका डोहाकडे.

चौकशी लागली. ठपक्याचं पत्र आलं. काकांनी ते काकूंना मोठ्यानं वाचून दाखवलं. काकूंनी चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, "न बघता सही करायची खोड जुनीच आहे तुमची. मला तरी कुठं नीट बघितलं होतंत?" मग पत्र घडी करून चांगल्या कपड्यांच्या फडताळात ठेवलं आणि तसबिरीसाठी राखलेल्या खिळ्यावर कॅलेंडर अडकवलं.

खांब दुरुस्त व्हायला साडेतीन महिने लागले. पोकळीत सिमेंट भरलं, नवे दगड बसले. पूल उघडायच्या आदल्या दिवशी मॅडमनी काकांना फोन केला. "या. पत्रकात पलीकडच्या बाजूची सही तुमची हवी. यावेळी बघून."

डोहावर परांची अजून उभी होती. काका गुडघा सांभाळत कट्ट्यावर उतरले. बावीस वर्षं घुम्या जिथं उभा राहायचा, तिथं ते आयुष्यात पहिल्यांदा उभे होते. जागा अरुंद होती. तोंड आपोआप नदीकडे होत होतं. वर कठड्याला टेकून मॅडम फोनवर बोलत होत्या. दुसरं कुणी आलेलं नव्हतं. काकांनी नव्या दगडाला कान लावला.

टक्. टक्. टक्.

अलीकडच्या वाळूतून. स्वच्छ, खणखणीत, आरपार.

चार पावलं सरकून वाकलं असतं, तर वाळू दिसली असती. काका सरकले नाहीत. पलीकडच्या माणसाचं काम ऐकायचं असतं, डोकवायचं नसतं, एवढं त्यांना कळत होतं. वाळूत उभं राहून उत्तराची वाट बघताना कसं होतं, हेही कळत होतं.

त्यांनी क्षणभर विचार केला, हातोडी उचलली आणि एकच ठोका दिला.

मग पत्रक खांबावर टेकवून रकान्यात लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहिले,' आणि सही केली.