आगरदांड्याच्या घरात दुसरा मॉनिटर

त्या आठवड्यात मी दिसेल त्याच्यावर खेकसत होते. ऑफिसातून निरोप आला होता: सोमवारपासून नवीन काम, एका स्क्रीनवर सर्व्हर बघायचे, दुसऱ्यावर तक्रारी. घरी दोन स्क्रीन चालत असतील तर ठीक, नाहीतर नवी मुंबईला येऊन बसा. आणि इथे आगरदांड्याच्या घरात आई एकटी. खुबा मोडल्यापासून काठीशिवाय मोरीपर्यंतही जाता येत नव्हतं तिला. तिच्यासाठीच तर मी चंबूगबाळं उचलून आले होते.

काशीदच्या एका रिसॉर्टने काढून टाकलेला मॉनिटर मिळाला. रिक्षात मांडीवर घेऊन आणला, केबल खोचली, आणि काळाकुट्ट! मॉनिटर म्हणतो सिग्नल नाही, कॉम्प्युटर म्हणतो दुसरा मॉनिटरच नाही.

माझ्याकडे लिनक्स. ऑफिसातला मित्र फोनवर म्हणाला, "विंडोज असतं तर आपोआप लागला असता." अरे बाबा, ज्ञान नको, उपाय सांग. मग त्याने कमांड सांगितल्या, मी टाइप केल्या. दर वेळी तेच उत्तर, एक पोर्ट जोडलेला, दुसरा रिकामा. ड्रायव्हर काढला, परत टाकला. एकदा तर पहिला स्क्रीनही गेला, तेव्हा मला रडूच फुटलं. शेजारच्या पलंगावरून आई विचारायची, "झाला का गो?"

"न्हाय झाला!" मी तिच्याच बोलीत फटकारायचे.

रविवारी दुपारी केबलींची अदलाबदल करून बघितली. नवा मॉनिटर पहिल्या पोर्टवर छान लागला. म्हणजे खोट दुसऱ्या पोर्टात. मोबाइलच्या टॉर्चने आत बघितलं तर पिवळट, चिकट काहीतरी, वर धुळीचा थर. बोट लावून वास घेतला. खोबरेल!

आमच्याकडे खाऱ्या हवेत कुलूप, कडी, शिलाई मशीन, सगळ्याला कोंबडीच्या पिसाने तेल लावतात, नाहीतर बघता बघता गंज धरतो.

"आई, हे तू केलंस?"

"व्हय. मागचं भोक उघडंच व्हतं. गंज चढला असता."

"अगं, वाट लावलीस! हे काय कुलूप आहे?"

भांडायचं त्राणच नव्हतं. कॉम्प्युटर बंद केला, तिच्या इन्सुलिनच्या डब्यातलं स्पिरिट घेतलं आणि काडीला कापूस गुंडाळून पुसत बसले. कापूस पिवळा निघायचा थांबल्यावर पोर्ट वाळू दिला, केबल लावली. लागला. आधी दोन्हीकडे एकच चित्र, ते सेटिंगमध्ये वेगळं केलं. उजवा मॉनिटर कॉम्प्युटरला डावा वाटत होता, तेही सरळ केलं. आनंद व्हायला हवा होता, पण मी नुसती खुर्चीत पडून राहिले.

आई काठी टेकत उठली, माझ्या खुर्चीची पाठ धरून दोन्ही स्क्रीनकडे बघत राहिली.

"म्हंजी आता तुला जायला न्हाय लागणार?"

"नाही."

"तू आंघोळीला गेलीस का मी रोज पीस फिरवायची, बाय," ती हळूच म्हणाली. "हे बिघडलं तर तू जाशील, म्हणून."