सहावी वेळ

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात नदीच्या कडेने कान्हेरी लेण्यांकडे जाणाऱ्या खडीच्या वाटेवर गाड्या नसतात, म्हणून मी रविवारी तिथे सायकल चालवतो. एक गृहस्थ मला तिथे भेटायचे. नाव कधी विचारलं नाही. पासष्टीचे, मरोळच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. वळणावर मान पक्ष्यासारखी डावी-उजवी करायचे, कारण नजर दोन्ही कडांनी मिटत चालली होती.

"डॉक्टर सायकलला नाही म्हणालेत. पण रस्त्यावर मी चालवतच नाही ना," ते एकदा म्हणाले. "साहेब, तुम्ही मागून या. मी खडी सोडून किती वेळा गवतात जातो, तेवढं मोजा. पाचाच्या वर गेलो की बंद."

पहिल्या रविवारी दोन वेळा गेले. पुढे तीन, मग पाच. "पास झालो," ते हसून म्हणायचे.

जानेवारीत लेण्यांच्या पायथ्याशी ते उतरले. "बोला."

"सहा."

त्यांनी हँडल रुमालाने पुसलं. "बरं झालं, खरं सांगितलंत. घरचे कुणीही मागून आले की शून्यच सांगतात."

परतीची सगळी वाट ते सायकल हातात धरून चालले. मीही उतरून चाललो. त्यानंतर ते दिसले नाहीत.

सहाव्या वेळी पाड्यावरची एक बाई समोरून येत होती. डोळस माणूसही तिच्यासाठी तेवढा गवतात उतरला असता. ती वेळ मी धरायला नको होती.