मयूराची थाळी

परदेशात, वेंटवर्थव्हिलच्या एका मराठी हॉटेलात मयूराने चार वर्षं एकटीने पोळ्या लाटल्या आणि स्वतः किचनमध्ये उभ्याउभ्या जेवली. व्हिसा मालकाच्या हातात, मग बोलणार काय, कपाळ? तिचा पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, आला, तसे मालक अजितदादा पेढे आणि नवा करार एकाच पिशवीतून घेऊन हजर.

"आता तू मोकळी! फक्त इथे सही कर."

राहायचं हॉटेलवरच्याच खोलीत. पाहुणे आणायचे नाहीत. सुट्टीच्या दिवशीही विचारूनच बाहेर जायचं.

मयूरा युनिव्हर्सिटीत इतिहास शिकलेली. ती म्हणाली, "दादा, गुलामगिरी उठल्यावर मळेवाल्यांनी सुटलेल्या माणसांपुढे असलेच करार ठेवले होते. तू मोकळा, पण विचारल्याशिवाय मळा सोडायचा नाही."

"अगं, मी काय मळेवाला आहे? आपण घरची माणसं!"

"घरची माणसं बसून जेवतात."

तिने अ‍ॅप्रन काढून त्या करारावर टाकला, गिऱ्हाइकाच्या टेबलाची खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली.

"एक थाळी आणा. पोळ्या गरम हव्यात."

दादा गांगरले. सवयीने किचनकडे वळून ओरडले, "मयूरा, दोन पोळ्या टाक गं!"