बिस्किटांचं घर

नाताळच्या सुट्टीत माझ्या मुलीने, मुक्ताने, आल्याच्या बिस्किटांचं घर करायला घेतलं. नमुना म्हणून तिने चित्रातला बंगला न घेता आमचंच घर निवडलं, याचं मला कोण कौतुक! सकाळपासून ती अंगणात उभी राहून घराकडे निरखून बघत होती. संध्याकाळी तिने हाक मारली, "आई, झालं बघ." मी पदराला हात पुसत गेले आणि जागीच थिजले.

भिंती, उतरतं छप्पर, पायरीवरची तुळस, सगळं तंतोतंत होतं. पण प्रत्येक खिडकीवर पांढऱ्या आयसिंगचे गज होते. व्हरांडा जाळीने बंद केलेला होता आणि दारापुढच्या जाळीच्या दाराला चॉकलेटचं कुलूप होतं. असल्या घरात माणसं राहतात?

"अगं, हा तर पिंजरा झाला!"

"आपलंच घर केलंय," ती गोंधळून म्हणाली. "जाळ्यांतच आयसिंग संपलं. छपरावर बर्फ घालायचा राहिलाच."

मी खिडकीकडे पाहिलं. बाहेरचा चाफा चौकोनी तुकडे करून ठेवल्यासारखा दिसत होता. या जाळ्या मीच बसवून घेतल्या होत्या. कधी चोरांच्या भीतीने, कधी माकडांच्या, कधी नुसत्याच बातम्या वाचून. त्यानंतर त्या मला दिसल्याच नाहीत. घरात राहणाऱ्याला आपलं घर बाहेरून कुठे दिसतं!

मुक्ताने ताट पुढे केलं. "आधी काय मोडू? छप्पर की दार?"

"जाळ्या," मी म्हणाले. "आधी त्या सगळ्या जाळ्या खाऊन टाक."