थेंबाचं उत्तर

मेघनाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी डहाणूजवळच्या कासा इथल्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्यांवर नावं लिहीत होते. "ताई, मेघना गेली," एवढंच तो म्हणाला. आजार कळून तीन महिनेही झाले नव्हते... नळीवरचं अर्धं राहिलेलं नाव मी पूर्ण केलं आणि मग खाली बसले. त्याला आता पाच आठवडे होतील.

डहाणूच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी लॅब टेक्निशियन झाले, ती मुंबईला संशोधनात गेली. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ती नखाएवढी पारदर्शक चिप घेऊन आली. चिपमधल्या बारीक वाटांनी रक्ताचे इवलेसे थेंब तेलातून एकामागोमाग सरकत, आणि केसाच्या हजाराव्या भागाएवढी एक तार प्रत्येक थेंबाची विजेने नोंद घेई. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार ओळखायला लहान पोरांच्या शिरेत सुई घालावी लागू नये, बोटावरचा एक थेंब पुरावा, हा तिचा ध्यास.

सायवनच्या एका पाड्यावर रमीबाई नातीला कुशीत घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "रगत सगळी नेतात, बाय. काय निघालं ते सांगायला कोण येतं?"

"मी येईन," मेघना म्हणाली.

नातीला काही नाही, असं चिपने दाखवलं. माझ्या नेहमीच्या तपासणीत मात्र सिकलसेल निघाला. दमट हवेत तारेचं मोजमाप चुकत होतं. दोन वर्षांचं काम होतं ते... मी म्हटलं, "माझा रिपोर्ट देऊ. चिपचं कशाला सांगायचं?" तिने दोन्ही रिपोर्ट पिशवीत घातले. दुसऱ्या दिवशी आम्ही जीपने सायवनला गेलो.

"आजी, माझं यंत्र चुकलं. हिचा रिपोर्ट खरा आहे. पोरीला औषध सुरू करायला हवं."

रमीबाईंनी तिच्याकडे बघितलं. "चुकलं ते सांगायला आलीस?" मग त्यांनीच नातीचा हात पुढे केला. "परत घे थेंब. यंत्र नीट कर."

मेघना त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी येत राहिली. पोर औषधावर आहे, शाळेत जाते. गेल्या रविवारी मी रमीबाईंना मेघना गेल्याचं सांगायला गेले. त्यांनी विचारलं, "झालं का तिचं यंत्र?"

"अजून नाही. तिच्यासोबतची माणसं करतायत."



टोचण्याआधी मेघना मुलाचं बोट दोन्ही तळव्यांत धरून ऊब येईपर्यंत थांबायची. मला तेवढा वेळ कधी नसायचा. परवा प्रयोगशाळेत रांग दारापर्यंत होती. समोरच्या मुलीचं बोट गार होतं. मी ते तळव्यांत धरलं आणि थांबले.