ज्युलियसच्या काट्यावरचा पहिलवान

वसईजवळच्या उमेळ्यात आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डर म्हणाला होता, गॅलरीतून हिरवंगार दिसेल. तेवढं एक त्याचं खरं निघालं. गॅलरीखाली ज्युलियस यांची केळीची वाडी होती, आणि रोज सकाळी त्या वाडीतून एक धिप्पाड तरुण दोन्ही खांद्यांवर केळीचा एकेक घड टाकून, शीळ घालत जाताना दिसायचा. तो सॅन्टन, ज्युलियसचा एकुलता एक मुलगा. साल शहाण्णव असेल. मी बँकेत नोकरीला, मूळचा संगमेश्वरचा. आमच्याकडे एवढा माणूस दिसला की आधी वाट सोडतात आणि मग चौकशी करतात.

आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी एकदा त्या वाडीतून मिळून सुरणाचं पोतं घेतलं. माझी बायको विनया वाटणी करायला बसली, तर सगळ्यांचे वाटे देऊन झाले तरी सुरण उरलेलंच! कोकणातल्या माणसाला मापात कमी आलेलं कळतं, जास्त आलेलं पचत नाही. मी विचारायला गेलो. ज्युलियस हसले. म्हणाले, "काटा मीच तसा लावून घेतलाय. वजन जरा कमी दाखवतो. माझा हात एखाद वेळी लबाडी करेल, काटा नाही करणार. गिऱ्हाईक घरी जाऊन तोलतं, जास्त भरलं की परत येतं." वाडीच्या दाराशी ठेवलेला तो मोठा, पाय देऊन उभं राहता येईल असा काटा अख्ख्या गावाला ठाऊक होता. कुणीही त्याचं वाईट बोललं नाही. का बोलतील?

सॅन्टनच्या ताकदीच्या गोष्टीही गावाला ठाऊक होत्या. चर्चच्या सणाला रस्सीखेच असायची, त्यात समोरचा संघ म्हणे, सॅन्टन हवा असेल तर तो एकटा दोघांच्या जागी धरा. मग त्याला बोळिंजचा जितेंद्र भेटला. हा रेल्वेत नोकरी करून संध्याकाळी ज्युदो शिकवायचा. त्याने कुठून तरी परदेशी लढतींच्या सीडी मिळवल्या होत्या: जाळीच्या पिंजऱ्यात दोघं जण, ठोसा, लाथ, कुस्ती, सगळं चालतं. सॅन्टनने एकच सीडी पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून सायकलवरून बोळिंजला जाऊ लागला. सायकलीची मला फार दया यायची.

त्याची आई सालोमीबाई. घरात आपल्या बोलीत भांडायच्या आणि माझ्याशी भांडायचं असलं की शुद्ध मराठीत. "भाऊ, तुम्ही शिकलेले. सांगा त्याला. एवढं खाऊ घालून वाढवलं ते कुणाच्या तरी बुक्क्या खायला?" मी मान हलवायचो आणि त्यांच्या हातचे फुगे, म्हणजे तळलेले गोल गरम पाव, खायचो. दोन्ही कामं एकदम करणं मला जमतं.

पण खरी गंमत पुढे झाली. सॅन्टनला मार खायची संधीच मिळेना! आपल्याकडे हा खेळ तेव्हा नुकता रांगत होता. हलक्या वजनाची पोरं पुष्कळ. हेवीवेटला माणूसच नाही. कोल्हापूरला गेला, समोरचा आला नाही. गोव्याला गेला, समोरच्याने याला हॉटेलच्या जिन्यात पाहिलं आणि त्याचं पोट दुखू लागलं. प्रतिस्पर्धी गैरहजर म्हणून विजयी, असं लिहिलेले चषक घरात येत राहिले. सालोमीबाई ते अल्तारीखाली, घरातल्या येशूच्या देव्हाऱ्याखाली, ओळीने मांडायच्या आणि म्हणायच्या, "मारामारीचा चषक, आणि मारामारी नाही! हा खेळ चांगला आहे."

सॅन्टन मात्र आतून खंगत होता. ज्युलियस वारले त्या वर्षी तो मला वाडीत म्हणाला, "काका, लोक मला फायटर म्हणतात. मला स्वतःलाच माहीत नाही मी फायटर आहे की नुसता जाडा." एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज एवढा लहान झालेला ऐकवत नाही. मला फार वाईट वाटलं.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात अखेर योग आला. विरारच्या एका मैदानात स्पर्धा ठरली आणि हरियाणाचा एक पहिलवान हेवीवेटला लढायला तयार झाला. सॅन्टन तेव्हा तिशी ओलांडलेला. सालोमीबाईंनी चर्चमध्ये मेणबत्ती लावली आणि घरी येऊन निकाल दिला, "ही एकच. लढत झाली तरी, नाही झाली तरी. नंतर वाडी सांभाळायची." सॅन्टनने आईच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. म्हणजे आता किंवा कधीच नाही.

हेवीवेटची वरची मर्यादा एकशे वीस किलो. सॅन्टन तेव्हा त्याच्या बराच वर. जितेंद्रने भात बंद केला, फुगे बंद केले, गावातल्या लग्नांची आमंत्रणं सालोमीबाईंच्या तोंडावर परत केली. सॅन्टन रोज सकाळी वाडीच्या दारातल्या काट्यावर उभा राहायचा आणि अर्धं गाव आकडा वाचायला जमायचं. लढतीच्या दिवशी पहाटे काट्याने एकशे एकोणीस दाखवले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

वजन सकाळी, लढत संध्याकाळी. तरी गाव सकाळीच टेम्पोत बसून निघालं, आणि सोबत सॅन्टनचा चुलतभाऊ क्लेमेंट याचा ब्रास बँड. उमेळ्याची माणसं बँडशिवाय नवरा आणायला जात नाहीत, तर पहिलवान कसा नेतील? सालोमीबाई मोठा डबा घेऊन आल्या. त्या थेट हरियाणाच्या पहिलवानापाशी गेल्या. "लांबून आलंय पोर, कुणी विचारलं असेल का त्याला?" डब्यात मटण होतं आणि तो निघाला शुद्ध शाकाहारी. मग पिशवीतून सुकेळी निघाली, आमच्या वसईची वाळवलेली केळी. तो मन लावून खात बसला.

सॅन्टन स्पर्धेच्या काट्यावर चढला. आकडा आला एकशे बावीसला टेकलेला.

पंचाने पुन्हा चढायला सांगितलं. तोच आकडा. जितेंद्र पांढराफटक पडला. "पहाटे एकशे एकोणीस होतं! सगळ्यांनी पाहिलंय!"

सगळ्यांनी पाहिलं होतं खरं. मी विनयाकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि दोघांच्याही डोळ्यांसमोर ते सुरणाचं पोतं आलं. ज्युलियसचा काटा! गिऱ्हाइकाला झुकतं माप देणारा काटा पोटच्या मुलालाही झुकतं माप देऊन बसला होता. अख्ख्या गावाला माहीत असलेली गोष्ट, आणि एकाच्याही डोक्यात आली नाही. हत्ती गेला आणि शेपूट अडकलं, ते असं.

पंच म्हणाला, तासाभराची सवलत आहे. तेवढ्यात उतरवा, नाहीतर लढत रद्द. हरियाणाचा प्रशिक्षक रद्दच करा म्हणून हटून बसला. तेव्हा तो पहिलवान हातातलं सुकेळं खाली ठेवून उठला. "रद्द मत करो जी. मेरे सामने भी कोई आता ही नहीं. बिना लड़े घर नहीं जाऊँगा." त्या क्षणी मला तो परका वाटेना.

जितेंद्रने सॅन्टनला एकावर एक दोन रेनकोट चढवले आणि धावायला सोडलं. पण आठवड्याच्या उपासाने त्याचे पाय जड झालेले. दोन फेऱ्यांत तो मैदानात बसला. मान खाली घातली. म्हणाला, "राहू दे सर. नुसता जाडाच आहे मी."

सालोमीबाईंनी हे ऐकलं. त्यांना काय हवं होतं हे मला पक्कं ठाऊक होतं. लढत रद्द होणं हाच त्यांचा नवस होता. काही केलं नसतं तरी तो फळाला आला असता. त्या मुलाकडे बघत राहिल्या. मग वळल्या आणि ओरडल्या, "क्लेमेंट! बँड कशाला आणलाय? आमच्या लग्नातलं वाजव!"

बँड वाजला. सालोमीबाईंनी पदर खोचला आणि मुलाचे दोन्ही हात धरून त्याला ओढून उभं केलं. "तुझा बाप माझ्या लग्नात सकाळपासून संध्याकाळपर्यंत नाचला होता. नाच!"

आणि सॅन्टन नाचला. आधी पाय ओढत, मग उड्या मारत. टेम्पोतलं सगळं गाव त्याच्याभोवती नाचू लागलं. विनया नाचली. मी नाचलो, आमच्या घराण्यात हे पूर्वी झालेलं नाही. पंच घड्याळाकडे बघत पायाने ताल धरत होता. हरियाणाचा पहिलवान दोन्ही हात वर करून भांगड्यासारखं काहीतरी करू लागला. वैशाखाचं ऊन, रेनकोटाच्या बाह्यांतून घामाची धार, आणि सालोमीबाई गाण्याच्या मधेच शिव्या देत होत्या, काट्याला, नवऱ्याला, देवालाही थोड्या.

तास संपायच्या आत सॅन्टन टॉवेल गुंडाळून पुन्हा काट्यावर चढला. एकशे वीसला जेमतेम खाली. असा आवाज झाला की स्टेशनवर ऐकू गेला असेल.

दुपारी तो पाणी पिऊन, जेवून पडला. संध्याकाळी पिंजऱ्यात पहिल्या फेरीत त्याने खरोखर मार खाल्ला. नाकातून रक्त आलं आणि तो हसला! एवढा आनंदी माणूस मी लग्नातही पाहिलेला नाही. सालोमीबाई डोळे मिटून माळ जपत होत्या आणि मला विचारत होत्या, "भाऊ, काय चाललंय?" मी म्हणायचो, "मजेत आहे." दुसऱ्या फेरीत त्याने त्या पहिलवानाला खाली वाकून केळीच्या घडासारखा खांद्यावर घेतला, अलगद आडवा केला आणि मान काखेत धरून बसला. पहिलवानाने हाताने जमिनीवर थापट्या मारल्या. हार मानली. मग दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडले.

दुसऱ्या दिवशी जितेंद्र काटा दुरुस्त करणारा माणूस घेऊन वाडीत हजर. सॅन्टन सुजलेल्या डोळ्याने केळीचे घड उचलत होता. शब्द दिला होता, आता वाडीच सांभाळायची. शीळ काही घालत नव्हता.

सालोमीबाई बाहेर आल्या आणि काट्यासमोर आडव्या उभ्या राहिल्या. "याला हात लावायचा नाही. माझ्या नवऱ्याने लावलाय तसाच राहील."

जितेंद्र म्हणाला, "अहो, पण वजन चुकतं ना."

"मग पुढच्या लढतीला मी त्याला तीन किलो कमीच खायला घालीन."

सॅन्टनच्या खांद्यावरचा घड हळूच खाली उतरला.

"पुढच्या?" तो म्हणाला.

"बहिरा झालास काय मार खाऊन?" सालोमीबाई म्हणाल्या आणि फुगे तळायला आत गेल्या.