भेगेसकट जगलेला दादा

वहिनीचा फोन आला तेव्हा मी भोसरीच्या आमच्या शाळेत सातवीच्या फळ्यावर गणित लिहीत होते. एरवी वर्गात मी फोन घेत नाही, पण त्या दिवसांत तो टेबलावर समोरच ठेवायचे. "सुनंदा, ह्यांच्या पाठीत परत तसंच फाटल्यासारखं होतंय गं..." एवढंच ती बोलली. रिक्षा नाशिक फाट्याला अडकली, मी रिक्षावाल्यावर उगाच डाफरले. पिंपळे गुरवला पोहोचले तर अँब्युलन्स दारात उभी होती आणि कुणालाच घाई नव्हती. माझा थोरला भाऊ, दत्तादादा, गेला होता. धमनीत स्टेंट घालायची तारीख पुढच्याच आठवड्यातली होती. आता दीड महिना होत आला.

दादा चाकणला एका कंपनीत क्वालिटीत होता. गाड्यांच्या इंजिनातले क्रँकशाफ्ट तपासायचा. अंधाऱ्या केबिनमध्ये जांभळ्या दिव्याखाली शाफ्ट फिरवायचा. केसाएवढी भेग असली तरी ती हिरवी चमकते म्हणे. "भेग दिसली की माल बाजूला. मालकाचा जावई मध्ये पडला तरी बाजूला!" असं मोठ्या तोऱ्यात सांगायचा. आणि एका सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता हा माणूस पांढराफटक पडून खाली बसला. छातीतून पाठीत कुणी करवत चालवतंय, म्हणाला. आम्हाला वाटलं हार्ट अटॅक. सीटी स्कॅन केला तेव्हा कळलं की महाधमनीचं आतलं अस्तर फाटलंय आणि रक्तानं धमनीच्या भिंतीतच दुसरी, चुकीची वाट पाडलीय. ही फाट हृदयाजवळ असती तर लगेच ऑपरेशन करावं लागलं असतं. दादाची खाली, पाठीकडच्या भागात होती. म्हणून रक्तदाब उतरवून, गोळ्या देऊन त्याला घरी पाठवायचं ठरलं. दादा खवळलाच. "डॉक्टर, असा पार्ट मी गेटबाहेर सोडला नसता, आणि तुम्ही मला घरी सोडताय?" डॉक्टर हसले. "पार्ट बाजूला काढून ठेवता येतो हो. तुम्हाला कुठे ठेवू?"

मग सुरू झाले ते ठरावीक महिन्यांनी करायचे स्कॅन. धमनी किती रुंद झाली, त्या चुकीच्या वाटेनं रक्त अजून वाहतंय की गोठून ती बुजत चाललीय, हे त्यात दिसतं. त्यावरून कोण वर्षानुवर्षं बरा राहील आणि कुणाला धोका आहे, याचा अंदाज बांधतात. "अंदाज बरं का, तारीख नाही सांगता येत," डॉक्टर म्हणाले होते. ते वाक्य माझ्या डोक्यातून कधी गेलंच नाही. दादा मात्र घरी आला की गॅलरीच्या काचेवर सेलोटेपनं फिल्मा चिकटवायचा, जुनी डावीकडे, नवी उजवीकडे, आणि चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर उभा राहायचा. "ये भागूबाई, बघ तुझ्या भावाचं आतलं सौंदर्य!" मी जात्याच भित्री, मी टीव्हीकडे बघत बसायचे. आमची वहिनी पूर्वी भांडायला लागली की सोसायटीच्या गेटपर्यंत ऐकू जायचं; तीसुद्धा दादाचं बीपी वाढू नये म्हणून कुजबुजत भांडायला शिकली. सिलिंडर उचलायचा नाही, कुंडी सरकवायची नाही. आणि शिंक! दादाला शिंक आली की घर जागच्या जागी थिजायचं. वहिनीच्या हातातली पोळी तव्यावर करपायची. मग तो नाक पुसत म्हणायचा, "आहे, आहे मी. चालू द्या तुमचं." कधी कधी मेला मुद्दाम खोटं शिंकायचा. इतका राग यायचा ना त्याचा...

शेवटच्या स्कॅनच्या दिवशी त्यानं थट्टा केली नाही. फिल्म लावली, काढली, पुन्हा नीट सरळ लावली. "सुनंदा, वाढलीय गं," म्हणाला. भागूबाई नाही, सुनंदा. आता थांबायला नको, असं डॉक्टरांचंही मत पडलं आणि तारीख ठरली. फिल्मनं सांगायचं ते वेळेवर सांगितलं होतं, आम्हीही कुठे टंगळमंगळ केली नव्हती. तरी तो गेला. कुणावर चिडायचं, तेच कळत नाही.

दहाव्यानंतर डॉक्टरांचा निरोप आला: हे कधी कधी घराण्यात असतं, बहिणीनं एकदा स्कॅन करून घ्यावा. मी शाळेतल्या पोरांसारख्या सबबी सांगत राहिले. चाचणी परीक्षा आहे, सर्दी झालीय, घरून, दिघीहून, जायला सोबत नाही. खरं सांगते, तपासलं नाही तोवर भेग नाही, एवढाच माझा हिशेब होता. शेवटी वहिनी एकदा जुन्या आवाजात, गेटपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, "एकाला पोचवून आलेय मी, सुनंदा!" तेव्हा गेले. आत झोपल्यावर दातखीळ बसायची वेळ आली होती. रिपोर्ट आला. फाट नाही, पण धमनी थोडी रुंद आहे. गोळी सुरू, वर्षानं पुन्हा स्कॅन.

तिथून थेट वहिनीकडे गेले. दादाची शेवटची फिल्म अजून काचेवरच आहे, तिनं काढलेली नाही. ड्रॉवरमधून सेलोटेप आणला आणि माझी फिल्म त्याच्या शेजारी उजवीकडे लावली. आम्हा दोघींना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी उभ्या राहिलो. या वेळी मी टीव्हीकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात मला शिंक आली.

वहिनीनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. ती माझ्याकडे बघेना, काचेकडेच बघत राहिली. पुढचं वाक्य कुणी म्हणायचं, हे दोघींनाही कळत होतं. मी नाक पुसलं.

"आहे, वहिनी," मी म्हणाले. "आहे मी. चालू द्या तुमचं."